पालथी बादली

आमच्या गल्लीच्या कमिटीचा मी उपाध्यक्ष हाय, अन् माझ्या सहीबिगर तिथला कागद पुढं सरकत न्हाई. सही मला येत न्हाई, म्हणून कमिटीचा एकबी कागद आजवर कुठं पुढं सरकलेला न्हाई.

शाळेत मी गेलतो, न्हाई असं न्हाई. दीड दिवस. पहिल्या दिवशी मास्तरनं बाकावर उभं केलं, दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मीच शाळेला कायमची सुट्टी दिली. म्हणून हे मी मोबाइलात बोलतोय, अन् पोरगी काना-मात्रा नीट करतीय. सुरुवातीला लई हसत होती. आता हसायची थांबलीय, म्हंजे मी कुठल्या गोष्टीकडं चाललोय ते तिला कळलंय.

बीडच्या जुन्या भागात आमची गल्ली. गल्लीच्या तोंडाशी माझा इस्त्रीचा गाडा, अन् गाड्याच्या चाकापाशी नळाचा व्हॉल्व. एवढ्या एका गुणावर मला उपाध्यक्ष केलं. गाडा दोन हात पलीकडं असता तर पानवाला झाला असता.

आमच्याकडं नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. कवा येईल ते सोडणाऱ्यालाबी ठाऊक नसतं. आलं की पाऊण तास, लई झालं तर तासभर. तेवढ्यात ज्यानं भरलं त्याचं भरलं, न्हाई त्यानं पुढच्या पाळीपर्यंत शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं. त्यावरून बायकांची भांडणं व्हायची, मग गड्यांची, मग ज्यांचा काही संबंध न्हाई त्यांची. म्हणून कमिटी निघाली. कुणाला पगार न्हाई, कुणाला मान न्हाई. अध्यक्ष एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. मीटिंगला लोक दारात थांबले की अजूनबी "चला, पुढं सरका, आत लई जागा हाय" म्हणतात, अन् बोलणं संपलं की हात आपोआप वर जातो, घंटीची दोरी ओढायला. त्यांच्या खालोखाल मिस्त्री. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात, मशिदीमागं दुकान हाय, अन् गल्लीतलं कुठलंबी बिघडलेलं त्यांच्याचकडं जातं. मला दोनदा नेलतं. म्हणले, याचा पार्ट मिळत न्हाई.

माझं काम एकच. व्हॉल्वात फसफस झाली की ताट बडवत गल्लीच्या शेवटापर्यंत पळायचं. ताट बायकोच्या माहेरचं. त्याला एवढे पोचे पडलेत की त्यात वरण वाढलं तर पाच ठिकाणी साचतं. बायको म्हणती, "गावाला पाणी पाजतो, अन् घरात ताट न्हाई."

आता दोन गोष्टी सांगतो. दोन्ही कमिटीनं चांगल्या मनानं केल्या. दुसरी तर मीच सुचवली.

पहिली कुलपाची. आमच्याकडं एकदा दोन घरं फुटली. दोन्ही घरची माणसं लग्नाला गेलती, दाराला बाहेरून ही एवढाली कुलपं. अध्यक्ष म्हणले, बाहेर कुलूप लटकवणं म्हंजे चोराला पत्रिका देणं. मग मिस्त्रींनी घरोघरी दारात आतलं कुलूप बसवून दिलं. बाहेर फक्त चावीचं भोक. माणूस घरात हाय का गावाला, बाहेरून बघून सांगता येत न्हाई. चोऱ्या थांबल्या. आमी पेढे खाल्ले.

दुसरी बादलीची. लोक गावाला गेले की मागं पाणी येऊन जायचं, अन् आल्यावर ड्रम कोरडा. ठरलं की जो नसेल त्याचा बाहेरचा ड्रम कमिटीनं भरायचा. घरं वाटून घेतली. पण कोण हाय अन् कोण न्हाई ते कळायचं कसं? कुलूप तर दिसत न्हाई. दार वाजवत बसलं तर दर दारात "या की, चहा घ्या" होतं, अन् तेवढ्यात पाणी जातं. तवा मी उठलो. म्हणलं, गावाला जाताना ज्यानं त्यानं दारापाशी बादली पालथी घालून जावं. पालथी दिसली की ड्रम भरायचा, झाकण लावायचं, पुढं निघायचं. दार वाजवायचं न्हाई.

टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर माणसं न हसता टाळ्या वाजवत होती. मी घरी जाऊन बायकोला तीनदा सांगितलं. ती म्हणली, "एवढी अक्कल व्हती तर इतके दिवस कुठं पालथी घातली व्हती?"

माझ्या वाट्याला जी घरं आली त्यात शेवटचं घर खालाचं. खाला म्हंजे मावशी, सगळ्या गल्लीची; बांगड्या भरणारी म्हातारी. गल्लीतल्या एकूण एक बाईचा हात तिनं धरलेला. माझ्या लग्नात माझ्या बायकोला तिनंच हिरवा चुडा भरला, अन् भरताना कानात म्हणली, "बेटी, अजून येळ हाय, विचार कर." हे बायको दर भांडणात काढती. खालाचा नवरा जाऊन लई वर्षं झाली. एकच लेक, ती धारूरला दिलेली. दोन-तीन महिन्यांतून खाला तिच्याकडं जायची, आठ दिवस राहायची, अन् येताना गल्लीतल्या सगळ्यांना सीताफळं आणायची. गुडघे गेलते. खाली वाकता यायचं न्हाई. गावाला जाताना बादलीबी येणाऱ्या-जाणाऱ्या पोराकडून पालथी घालून घ्यायची. बांगड्या भरायला बाया तिच्याकडं यायच्या, ती पलंगावर बसून भरायची.

दुपारी कोळसा विझत आला की मी तिच्या दारात जाऊन बसायचो. उंबऱ्यावर ती बसू द्यायची न्हाई. आत खाट मोकळी असायची, पण मला दारातच बरं वाटायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला चिडवता येतं. तिची एक जाड लोखंडी बादली होती, बूड मिस्त्रींनी डाग देऊन पक्कं केलेलं. ती मी पालथी घालायचो अन् वर बसायचो. ती चहा द्यायची, मी गल्लीभरच्या नकला करायचो. अध्यक्ष, मिस्त्री, माझी बायको, शेवटी खुद्द खाला. ती हसायची अन् शिव्या द्यायची. "मुर्दे, तुला देवानं तोंडच दिलं, बाकी सगळं इसरला."

अन् मी उठलो की रोज एकच वाक्य. "बादली सीधी करून जा बे. न्हाई तर लोक म्हणतील खाला गेली." अन् तळहात असा पुढं करून उलटा-सुलटा करून दाखवायची, जसं काय मी बहिरा हाय.

मी रोज सरळ करायचो. रोज म्हंजे त्या दिवसापर्यंत.

त्या दुपारी मी बसलो, तिनं चहा दिला. कपबशी धरताना तिचा डावा हात थरथरत होता. पलंगावर बांगड्यांचा तोडा होता, तो उचलायला गेली अन् हातातून सुटला. सगळ्या फुटल्या. खालाच्या हातून बांगडी फुटलेली मी त्याआधी कधी बघितली न्हवती. ती हाताकडं बघत राहिली. म्हणली, "सकाळपासून हा हात माझा वाटंना रे. मुंग्या येतात."

आता शहाणा माणूस काय म्हणला असता? चला खाला, दवाखान्यात जाऊ. रिक्षा नाक्यावर असती. मी काय म्हणलो सांगू? म्या दोन्ही हात पुढं केले अन् म्हणलो, "काढून ठेव मंग तो हात. उद्यापासून माझ्या हाताला भर, गल्लीत एक तरी नवी नवरी दिसंल."

हसली. लई हसली. हसताना तोंड एका बाजूला जरा वाकडं वाटलं. मला वाटलं मला वेडावतीय. म्या पण तोंड वाकडं करून दाखवलं.

तेवढ्यात तिकडून बायकोची हाक. "अवो, जळालं! धूर निघायलाय!" इस्त्री मी शर्टावर ठेवूनच आलतो. शर्ट अध्यक्षांचा, पांढराशुभ्र, दुसऱ्या दिवशी भाच्याच्या साखरपुड्याला घालायचा. मी उठलो अन् जो पळालो. मागून खाला काहीतरी म्हणली. काय म्हणली असंल ते मला आता पाठ हाय. तवा ऐकलं न्हाई.

शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचं अख्खं चित्र उठलतं. संध्याकाळभर मी लिंबू चोळत बसलो. अध्यक्षांना कसं सांगायचं याच घोरात. माणूस कशाची काळजी करत बसतो बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉल्व फसफसला. ताट बडवत निघालो. शेवटच्या घरापाशी आलो तर दारात बादली पालथी. मनात आलं, गेली वाटतं धारूरला. रागबी आला, मला न सांगता गेली म्हणून. मला एवढंसुद्धा आठवलं न्हाई की काल त्या बादलीवर कुणाचं बूड होतं. माझं बूड, अन् मलाच ठाव न्हाई. म्या नळी लावली, ड्रम काठोकाठ भरला, झाकण लावलं. अन् जाताना तोंड गप बसंना. ड्रमवर ताट आपटलं अन् दाराकडं बघून वरडलो, "खाला, लेकीच्या घरचं खाऊन जाड होऊन ये गं, पाणी म्या भरून ठेवलंय!"

दार वाजवलं न्हाई. नियम होता.

अन् नियम मी एकट्यानंच पाळला असं न्हाई. दूधवाल्यानं बादली बघितली, दूध न घालता गेला. भाजीवालीनं हाक मारली न्हाई. शेजारीण रोज भाकरी द्यायची, तिनं बादली बघून ताटली परत नेली. मिस्त्री दोन येळा नमाजाला त्या दारावरून गेले. आमच्या गल्लीत असली शिस्त त्याआधी कधी न्हवती.

तिसऱ्या दिवशी दुपारी अध्यक्ष माझ्या गाड्यापाशी शर्टाचा जाब विचारायला आले, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. खालाची लेक. म्हणली, "काका, अम्मी फोन उचलत न्हाई."

अध्यक्ष म्हणले, "अगं, तुझ्याकडंच आलीय ना? बादली पालथी हाय."

"न्हाई काका. इकडं कुठं आलीय?"

अध्यक्षांच्या हातात जळका शर्ट तसाच होता. आमी दोघं पळालो. मिस्त्रींनी बसवलेलं कुलूप मिस्त्रींनाच फोडावं लागलं. चांगलं बसवलतं, लवकर फुटलं न्हाई.

खाला पलंग अन् दार यांच्या मधी पडलेली. अर्धं अंग गेलतं. दाराकडं सरकत आलती, फरशीवर बांगड्यांच्या काचा तिच्या साडीखाली घासत आलत्या. डोळे उघडे होते. ओठ फुटलेले. अध्यक्षांनी कापसानं तोंडात पाणी सोडलं. पाणी कुठलं? बाहेरच्या ड्रममधलं. म्या भरलेलं. दारापासून दीड हातावर.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, कवापासून पडलीय? हिशेब लावला तर मी उठून पळालो त्याच संध्याकाळपासून. म्हंजे सकाळी मी ड्रमवर ताट आपटलं तवा ती आत होती, अन् जागी होती का न्हवती ते मी कुणाला विचारलं न्हाई. विचारायची हिंमत न्हवती.

लेक धारूरहून आली ती तिथंच राहिली. खालाची वाचा गेलती. दवाखान्यात नेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तिला भेटायला गेलो. खिशात एक नकल ठेवूनच गेलतो, डॉक्टरची. मला बघितलं अन् खालानं उजवा हात वर केला. तळहात पुढं केला. उलटा केला. सुलटा केला. परत उलटा, परत सुलटा.

लेक म्हणली, "मामा, काय मागतीय कळंना. तुमाला कळतंय का?"

मला कळलतं. त्या दवाखान्यात फक्त मला कळलतं. मी म्हणलो, "कूस बदल म्हणती बघ."

लेकीनं कूस बदलली. खालानं परत हात केला. लेकीनं परत बदलली. मी तिथून निघालो. नकल खिशातच राहिली.

खाला पंधरा-सोळा दिवस जगली. गल्लीतल्या बायकांनी तिनंच भरलेल्या बांगड्या हातात घालून तिला निरोप दिला. काही जणी आपलंच मनगट धरून रडत होत्या, जे मनगट तिनं धरलेलं.

मग कमिटीची मीटिंग बसली. अध्यक्षांनी विचारलं, बादली पालथी कुणी घातली? मग मिस्त्री म्हणले, "तिनंच कुण्या पोराकडून घालून घेतली आसंल. लेकीकडं निघायच्या तयारीत आसंल, तेवढ्यात झटका आला." सगळ्यांना पटलं. मला तर लई पटलं. मी जोरात मान हालवली.

पण खालाची लेकबी तिथं दारात बसलती. तिनं हे ऐकलं. ती हळूच म्हणली, "मीच तिला फोनवर चार दिवस ये-ये करत होते. एकदा रागानं बोलले, तुला लेकीपेक्षा गल्ली जास्त का म्हणून. माझ्यासाठीच निघाली होती तर."

अन् ती रडली ते मला अजून ऐकू येतं. माझं पाप उचलून तिनं आपल्या पदरात घेतलं, अन् मी तिथं मान हालवत बसलेलो.

आठ दिवस मला जेवण गेलं न्हाई. बायकोला सांगितलं. तिनं नुसतं ताट माझ्यापुढून उचललं. मग मी पुढच्या मीटिंगमधी उभा राहिलो अन् म्हणलो, "ती बादली मी पालथी घातलती. बसायला. अन् सरळ करायची इसरलो."

अन् काय झालं म्हणता? हसले. सगळे न्हाई, पण हसले. एक जण म्हणला, "याला मयतीतबी मधीच तोंड घालायचं असतंय." अध्यक्ष म्हणले, "बस खाली. पोरीचं दुःख हलकं करायला निघालास, चांगलं हाय, पण असलं बोलू न्हाई." मिस्त्रींनी खांद्यावर हात ठेवला, "तुमचं मन मोठं हाय यार." जन्मभर स्वतःवर विनोद केले, त्याची ही फेड. खरं बोललो अन् त्यातबी माझा मोठेपणाच निघाला. अन् मी काय केलं? मी बसलो. मोठेपणा घेऊन बसलो.

मयतीच्या चाळिसाव्या दिवशी लेक आली. घर रिकामं करायचं होतं. कमिटीनं सतरंज्या टाकल्या, माणसं जेवून गेली. मी भांडी उचलू लागलो. लेक आतून ती बादली घेऊन आली. घासून लख्ख केलती. म्हणली, "मामा, ही तुमी ठेवा. अम्मी फोनवर सांगायची, माझा जोकर या बादलीवर बसतो. तुमी रोज यायचे म्हणून तिला इथून हलायचं नसायचं."

तिनं बादली माझ्या हातात दिली. सरळ. मला ती धरवंना. मी खाली ठेवली, अन् सगळं सांगितलं. तोडा फुटल्यापासून. हाताला मुंग्या आल्याचं, माझा विनोद, वाकडं तोंड, जळका शर्ट. ड्रमवर ताट आपटून काय वरडलो तेबी. अन् शेवटी दवाखान्यातलं. म्हणलं, "बाई, ती कूस बदल म्हणत न्हवती. ती मला म्हणत होती, बादली सीधी कर. तू तिला उगाच हलवत राहिलीस, माझ्या खोट्यापायी."

तिनं तिचा तळहात पुढं धरला. उलटा केला, सुलटा केला. तिला पटलं. अख्ख्या गल्लीत तिला एकटीला पटलं.

मी म्हणलो, "तुझ्याकडं निघायला तिनं घातली न्हवती ती. माझ्या बुडाखालची होती. तू सवताला लावून घेऊ नको. सगळा दोष त्या बादलीचा, म्हंजे माझा. ती बादली जर मी..."

मी रडत होतो, अन् तोंड काही थांबत न्हवतं. बादली, बादली, बादली. ती ऐकत होती. मग तिनं पदरानं डोळे पुसले अन् माझ्याकडं सरळ बघितलं.

"बादलीचं काय सांगताव मामा," ती म्हणली. "दार का वाजवलं न्हाई?"